आधी पिठलं ठरवा, मग कढई शोधा

जुन्या बाजारात पहिल्यांदा गेलेला माणूस दोनपैकी एका तऱ्हेने परततो. एक तर रिकाम्या हाताने, गर्दीला वैतागून. नाही तर पितळी होकायंत्र, बिनकाट्याचं घड्याळ आणि कुठल्या तरी कॅमेऱ्याचं चामडी कव्हर घेऊन. आठवडाभरात ते सगळं माळ्यावर जातं. या बाजारातला सगळ्यात कामाचा माल जमिनीलगत, धुळीत, काळा पडून पसरलेला असतो आणि त्याच्यापुढे फारशी गर्दीही नसते. तवे, कढया, खलबत्ते, सोऱ्या, विळ्या. हा लेख त्या मालाबद्दल आहे. तो कसा शोधायचा, कसा पारखायचा, घरी आणून कसा वापरात आणायचा आणि त्यात पहिल्यांदा काय शिजवायचं, एवढंच यात आहे.

बाजार पुण्याचा धरला आहे. नाशिकच्या भांडी बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा तुमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गेलात तरी पारख तीच लागते.

हा माल येतो कुठून

एके काळी घरात पितळ आणि तांबं असे. पितळी पातेल्याला ठरावीक काळाने कल्हई, म्हणजे आतून कथिलाचा मुलामा, लागे, रोज चिंचेने किंवा राखेने घासावं लागे आणि त्यात ताक-आमटी राहिली की ती कळकायची. १९६०-७० नंतर स्टेनलेस स्टील घरोघर पोचलं आणि हे सगळे व्याप संपले. पितळ मोडीत गेलं. दुकानदार जुनी भांडी वजनावर घ्यायचा आणि त्या पैशात स्टीलचे डबे द्यायचा. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलच द्यायची. पुढे नॉनस्टिक आलं आणि बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तवेही माळ्यावर गेले. आता वाडे पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा माळ्यावरचं उरलंसुरलं भंगारात निघतं. त्यातलं बरंचसं वितळवलं जातं आणि वाटेत जे वाचतं ते पथारीवर दिसतं.

म्हणून अनेक भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव सापडेल, कधी तारीखही. लग्नात, मुंजीत आलेला तो आहेर असतो. ते नाव घासून काढायच्या फंदात पडू नका. पत्रा पातळ होतो आणि नाव तरीही पुसट दिसत राहतं.

पहिली पायरी: घरी बसून पदार्थ ठरवा

बाजारात जाऊन ‘काय मिळतंय ते बघू’ म्हणालात की संपलं. रविवारच्या जेवणाला काय करायचं आहे ते आधी ठरवा आणि त्याला लागणारी एकच वस्तू शोधायला निघा.

भाकरी करायची असेल तर लोखंडी तवा. घावन, धिरडं, आंबोळी यांना बिडाचा तवा. पिठलं, झुणका, परतलेल्या भाज्या यांना लोखंडी कढई. ठेच्याला आणि शेंगदाण्याच्या चटणीला दगडी खलबत्ता. दिवाळी जवळ आली असेल तर पितळी सोऱ्या. नारळ रोज लागत असेल तर खोवणीची विळी.

नवख्यांनी पहिली खरेदी लोखंडी कढईची करावी, असं माझं ठाम मत आहे. ती स्वस्त असते, पडली तरी फुटत नाही, तिला कल्हई लागत नाही, तिच्यात भेसळ करून कुणाला काही मिळत नाही आणि कितीही गंजली तरी बहुतेक वेळा परत उभी राहते. शिवाय बूड सपाट असेल तर ती इंडक्शनच्या शेगडीवरही चालते. पितळ आणि तांबं तिथे तापतच नाही. भाड्याच्या खोलीत इंडक्शनवर राहणाऱ्यांनी पितळी पातेल्याच्या मोहात पडण्याआधी हे लक्षात ठेवावं.

दुसरी पायरी: वार आणि वेळ

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीजवळ, शाहीर अमर शेख चौकाच्या परिसरात. रस्त्याच्या कामामुळे किंवा बंदोबस्तामुळे पथाऱ्या अधूनमधून इकडेतिकडे सरकतात, म्हणून निघण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या. मला बुधवार आवडतो. रविवारी हौशी लोक, जुने कॅमेरे शोधणारे आणि नुसते बघे यांची दाटी असते, त्यामुळे विक्रेता खाली बसून तुमच्याशी बोलेल एवढी त्याला उसंत नसते. सकाळी लवकर गेलात तर पोती उघडताना माल बघायला मिळतो. दुपार कलल्यावर गेलात तर निवड कमी, पण ओझं परत न्यायचा कंटाळा आल्याने भाव उतरलेला असतो.

मुंबईचा चोर बाजार म्हणजे मटन स्ट्रीट आणि आसपासच्या गल्ल्या. तिथली दुकानं साधारणपणे शुक्रवारी बंद असतात. स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी मी नवख्याला तिथे पाठवणार नाही. तिथले दिवे, आरसे, फर्निचर बघावं असं असतं, पण पितळेचा भाव दिवाणखाना सजवणाऱ्यांच्या हिशेबाने लागतो.

आणखी एक जागा म्हणजे पेठेतलं जुनं भांड्यांचं दुकान, जिथे अजूनही मोड घेतात. मागच्या बाजूला मोडीचं पोतं असतं. ‘काका, मोडीत आलेलं काही बघू का?’ असं नीट विचारलं तर बहुतेक जण बघू देतात आणि वजनावर विकतातही. नवख्याला इथे फसायची भीती सगळ्यात कमी, कारण काटा समोर असतो.

पुण्यात असाल तर बाजाराआधी राजा दिनकर केळकर संग्रहालयात तासभर काढा. दिनकर केळकरांनी जुने वाडे, खेडी पालथी घालून जमवलेल्या सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह आहे. आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी तो उभा केला आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, सोऱ्या, पाण्याची भांडी काचेआड नीट मांडलेली आहेत. चांगला घाट कसा दिसतो, कडा कशी वळवलेली असते, कान कसे बसवलेले असतात, हे एकदा डोळ्यांत बसलं की पथारीवरच्या ढिगातून नेमकी वस्तू उचलता येते.

तिसरी पायरी: पिशवीत काय न्यायचं

लोहचुंबक, खिशात मावेल एवढंच. सामान तोलायचा हुकाचा काटा. मोजपट्टी, कारण तुमच्या शेगडीला केवढं बूड चालतं ते माहीत असायला हवं. ओलं फडकं. सुट्टे पैसे. जाड कापडी पिशवी आणि दोन-तीन वर्तमानपत्रं, कारण काजळी सगळीकडे लागते. चांगले कपडे घालून जाऊ नका. कपडे खराब होतात हे एक, आणि कपडे बघून भाव वाढतो हे दुसरं.

चौथी पायरी: पारख

इथे घाई करू नका. वस्तू हातात घेऊन उन्हात न्या. विक्रेते सहसा हरकत घेत नाहीत.

लोखंडी कढई. आधी रिकामी उचलून बघा. जड असेल तर चांगलं. मग तोंड उन्हाकडे धरून आतून बूड बघा. बारीक भोक असेल तर उजेडाचा टिपका दिसतो. गंज तपकिरी आणि वरवरचा असेल तर काळजी नको, तो निघतो. बोटाने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील आणि खाली खड्डे लागत असतील तर मात्र ती कढई ठेवून द्या. कान हलवून बघा, रिवेट सैल असतील तर लोहाराकडे ठोकून घेता येतात, पण तेवढा भाव कमी करून मागा. आतला काळा गुळगुळीत थर म्हणजे मळ नव्हे. वर्षानुवर्षं तेलात शिजवून कढई तशी झालेली असते आणि तुम्हाला तेच हवं आहे. शेवटी वास घ्या. रंगाच्या, डांबराच्या किंवा ॲसिडच्या कामाला वापरलेल्या कढयाही पथारीवर येतात. वास शंकास्पद वाटला तर कितीही स्वस्त असो, नको.

बिडाचा तवा. बीड ओतीव असतं, त्यामुळे ते वाकत नाही, थेट तडकतं. तवा कानाला एका बोटावर लटकवून नाण्याने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा आवाज आला तर तवा अखंड आहे. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. अशी चीर गॅसवर वाढत जाते. वरचा पृष्ठभाग हाताने चाचपून बघा. जुन्या तव्यांचा तळ वापरून वापरून मऊ झालेला असतो, नव्या स्वस्त तव्यांचा खरखरीत. जुना घेण्यात खरा फायदा इथेच आहे.

पितळ. चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आणि वर पितळी मुलामा. चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळच, असं मात्र नाही. बुडाला, जिथे दिसणार नाही तिथे, किल्लीने जरासं खरवडून बघा. आतही पिवळंच निघालं पाहिजे. मग आतली बाजू बघा. करड्या रंगाचा डाखाचा ठिपका किंवा पट्टी दिसली तर ते भांडं पूर्वी गळत होतं आणि कुणीतरी सांधलेलं आहे. डाखात शिसं असू शकतं. त्यात शिजवायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. कुंडी म्हणून वापरायचं असेल तर घ्या.

काशाच्या वाट्या आणि ताटं कधीमधी मिळतात. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रंगाने फसायला होतं, नादाने होत नाही. काशाचा नाद लांबतो. ते ठिसूळ असतं, त्यामुळे पोचा आलेली काशाची वाटी कुणी विकायला आणली तर ती बहुधा काशाची नसतेच.

खलबत्ता आणि पाटा. नवा दगडी खल घेतला की सुरुवातीचे काही दिवस चटणीत कचकच लागते. जुन्याची खर कधीच गेलेली असते. फक्त खलाचं बूड झिजून पातळ झालं आहे का, हे आत आणि बाहेर हात लावून ताडून बघा. पाट्याचं उलट असतं. तो फार गुळगुळीत झाला असेल तर त्यावर काही वाटलंच जात नाही, सगळं घसरतं. त्याला टाकी लावून घ्यावी लागते आणि पाथरवट शोधणं शहरात सोपं राहिलेलं नाही. पाटा घरी न्यायचा कसा, याचाही विचार आधीच करा. रिक्षावाले नाखूश असतात. छोटे पितळी किंवा लोखंडी खल बरेचदा औषधं कुटायला वापरलेले असतात. आतल्या भेगांत काही अडकलेलं दिसलं तर मसाल्यासाठी नको.

सोऱ्या. सगळ्या चकत्या, म्हणजे चकलीची, शेवेची, जाड-बारीक, सोबत आहेत का ते मोजा. दट्ट्या आत घालून फिरवून बघा. एखादी चकती हरवलेली असेल तर दुसऱ्या सोऱ्याची नेमकी बसत नाही.

विळी. पातं पाटाला जिथे जोडलेलं असतं तो सांधा हलता कामा नये. धार नसली तरी चालेल, धार लावून मिळते. लाकडी पाटाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगा आहे, आणि तो तुमच्या घरातल्या कपाटातही शिरेल.

मध्येच एक चिपटं किंवा मापटं दिसलं तर उचलून बघा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. वजनमापं दशमान झाली आणि ही मापं बाजारातून गेली, पण तांदळाच्या डब्यात ठेवायला चिपट्यासारखी सोयीची वस्तू नाही. घरात रोज किती तांदूळ लागतो ते एकदा चिपट्यात ठरलं की वाटी शोधावी लागत नाही.

पाचवी पायरी: भाव

आदल्या दिवशी दोन गोष्टी विचारून ठेवा: भांड्यांच्या दुकानात पितळेच्या मोडीचा आजचा भाव, आणि तशाच नव्या भांड्याची किंमत. जुन्या बाजारातला रास्त भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. हुकाच्या काट्याला भांडं लटकवलंत की विक्रेत्याला कळतं की तुम्हाला मोडीचा भाव ठाऊक आहे, आणि बोलणी आपोआप जमिनीवर येतात. लोखंडाचं सोपं आहे. नव्या कढईच्या निम्म्याहून जास्त मागत असतील आणि ती नव्यापेक्षा जाड नसेल, तर सरळ पुढे चला.

‘मामा, ही कशी दिली?’ एवढंच विचारा. कुठल्या राजाची आहे, किती जुनी आहे, असले प्रश्न तुम्हीच विचारलेत तर उत्तर मिळेल, आणि त्या उत्तराचे पैसेही तुम्हालाच द्यावे लागतील. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात केली तर कुणी रागावत नाही. त्याहून खाली गेलात तर मावशी भांडं हातातून काढून घेतील.

एक रीत पाळा. सकाळी विक्रेता म्हणतो, ‘ताई, भवानी व्हायचीय अजून.’ तेव्हा घ्यायचंच नसेल तर भाव करत बसू नका. आणि तुम्ही सांगितलेला आकडा त्याने कबूल केला की वस्तू घ्यायचीच. तिथे पाठ फिरवणारा माणूस पुढच्या बुधवारी ओळखला जातो.

काय घ्यायचं नाही

जुना प्रेशर कुकर नको. त्याचं झाकण, व्हॉल्व्ह, रबर यांचा भरवसा देता येत नाही. ओरखडे गेलेलं नॉनस्टिक नको. टवके उडालेली मुलाम्याची भांडी नकोत. जर्मनची पातेली, म्हणजे ॲल्युमिनियमची, खड्डे पडलेली असतील तर नकोत. जुन्या चिनी मातीच्या बरण्या सुंदर असतात आणि मीही त्या बघून थांबते, पण आतल्या चकाकीला जाळीसारख्या रेघा असतील तर लोणचं घालू नका. आंबट आणि खारट पदार्थ त्या रेघांत शिरतो आणि जुन्या मुलाम्यात काय होतं ते कुणी सांगू शकत नाही. सांडगे, कुरडया ठेवा. रंगीत नक्षीच्या जुन्या बशाही जेवायला नकोत, भिंतीवर लावा.

नाणी नवख्याने घ्यायचीच नाहीत. शिवराईच्या नावाखाली बरंच काही खपवलं जातं.

परदेशात राहणारे आणि सुट्टीत इथे आलेले लोक जुने दिवे, मूर्ती घेतात, त्यांच्यासाठी: १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपलीकडची कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. कढईची कुणी अडवणूक करणार नाही, पण देवळातल्यासारखा दिसणारा दिवा किंवा मूर्ती पथारीवर दिसली तर ती कुठून आली असेल याचा विचार करा आणि खाली ठेवा.

सहावी पायरी: घासणं

कढईत पाणी भरून दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला आणि वीस मिनिटं उकळा. जुन्या तेलाचा चिकट थर सुटतो. (जर्मनच्या भांड्याला सोडा लावू नका, ते काळं पडतं.) थंड झालं की तारेच्या घासणीने घासा. गंज राहिला असेल तर चिंचेचा कोळ आणि जाड मीठ लावून अर्धा तास ठेवा, मग पुन्हा घासा. फारच हट्टी असेल तर काचकागद. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, फडक्याने पुसा आणि लगेच गॅसवर ठेवून खडखडीत वाळवा. ओली कढई ओट्यावर ठेवून चहा घ्यायला गेलात की परत येईपर्यंत ती पुन्हा तांबूस झालेली असते.

आता तेल पाजायचं. जवसाचं मिळालं तर उत्तम, ते वाळून कडक थर धरतं. नाही तर करडईचं. थेंबभर तेल फडक्याने सगळीकडे चोळा आणि मग तेच फडकं घेऊन जणू तेल लावलंच नव्हतं इतकं पुसून काढा. जास्त तेल राहिलं की चिकट राळ तयार होते. खिडकी उघडा, मोठ्या आचेवर ठेवा, धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, थंड होऊ द्या. हे तीन-चार वेळा करा. शेवटी त्यात एक कांदा उभा चिरून तेलावर काळपट होईपर्यंत परता आणि तो कांदा फेकून द्या. बिडाच्या तव्यालाही हीच रीत.

पितळी पातेलं आणलं असेल तर त्यात शिजवण्याआधी कल्हई करून घ्यायलाच हवी. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा. कल्हई लावताना बघायला मिळालं तर थांबा. भांडं निखाऱ्यावर तापवतात, नवसागर टाकून कापसाने आत फिरवतात, पांढरा धूर निघतो, मग कथिलाची कांडी टेकवली की ती विरघळते आणि कापसाच्या एका फिरकीत आतली पिवळी बाजू चांदीसारखी होते. कथील शुद्ध आहे ना, शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारायला लाजू नका. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईच्या भांड्यात कोरडं काही भाजायचं नाही, रिकामं तापत ठेवायचं नाही आणि तारेची घासणी लावायची नाही. वरण, भात, खीर, दूध यांना ते छान.

सातवी पायरी: पिठलं

कढईचा पहिला पदार्थ पिठलंच असावा. बेसन एक वाटी, पाणी तीन वाट्या, कांदा एक मोठा, हिरव्या मिरच्या चार, लसूण सात-आठ पाकळ्या ठेचून, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर. आणि तेल हात आखडता न घेता, चार चमचे तरी. नव्या कढईला तेलाची सवय लागायची असते.

बेसन पाण्यात गुठळ्या न राहता कालवून ठेवा. कढई चांगली तापवा, मग तेल. फोडणी, लसूण, मिरच्या, कांदा. कांदा मऊ झाला की हळद, मग कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. मीठ घाला. रटरटायला लागलं की आच मंद करून झाकण ठेवा. सात-आठ मिनिटांनी कच्च्या पिठाचा वास जाऊन लसणाचा येतो. चिंच, आमसूल, टोमॅटो काही घालू नका. आंबटाने लोखंड सुटतं, पिठलं काळपट होतं आणि जिभेवर लोखंडाची चव राहते. लिंबू ताटात पिळा. झाल्यावर पिठलं कढईत ठेवू नका, दुसऱ्या भांड्यात काढा. पण तळाला धरलेली खरवड कढईतच राहू द्या आणि ती उलथन्याने काढून कुणाला मिळणार हे घरात आधीच ठरवून घ्या.

सोबत भाकरी. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं हवं, महिनाभर पडलेल्या पिठाची विरी जाते आणि भाकरीला चिरा पडतात. कडकडीत पाण्याने एका भाकरीपुरतं पीठ घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळा. परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापा. तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर, आणि त्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी वाळत आलं की उलटा, ती बाजू शेकली की तवा बाजूला करून थेट आचेवर फुगवा. पहिल्या भाकऱ्या भारताच्या नकाशासारख्या होतील, चव तीच लागते. भाकरीचा तवा किंचित खोलगट असला तरी बिघडत नाही, आणि त्याला तेल पाजायचीही फारशी गरज नाही.

ठेच्याला खल नसेल तरी अडत नाही. बाजारातून पितळी तांब्या आणला असेल तर तो धुऊन घ्या. तव्यावर चमचाभर तेलात आठ-दहा मिरच्या आणि तितक्याच लसणाच्या पाकळ्या डाग पडेपर्यंत भाजा, जाड मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे टाका आणि तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडा. तांब्या लगेच धुवा, मीठ राहिलं तर हिरवा डाग पडतो. बिडाच्या तव्यावर मात्र हा उद्योग नको, ठोकल्याने तो तडकेल.

बिडाच्या तव्याला घावन. तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी पावणेदोन वाट्या, मीठ. ताकाएवढं पातळ. तवा सणसणीत तापला की अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा, पीठ तळापासून ढवळून वाटीने कडेकडून मध्याकडे ओता, झाकण ठेवा. कडा सुटल्या की झालं, उलटायची गरज नाही. दर घावनाआधी पीठ ढवळायचं, कारण तांदूळ खाली बसतो. पहिले दोन-तीन तव्याला चिकटणारच. ते खरवडून खा, तवा धुवायला जाऊ नका, पुढचा सुटेल.

रोजचं धुणं गरम पाण्याने आणि काथ्याने. भिजत टाकायचं नाही, साबण क्वचित. वाळवून तेलाचं बोट फिरवायचं. पावसाळ्यात ही भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढा. महिनाभर कढई गॅसवर चढलीच नसेल तर तिला माळ्यावर टाकू नका. ज्या मामांकडून आणली त्यांच्याकडेच बुधवारी परत न्या. थोडा भाव तोडून ते घेतात, आणि तेवढ्या पैशात खलबत्ता बसतो का ते तिथेच बघता येतं.